खुर्ची सोडून जनतेच्या कौलाला सामोरे गेलेले मुख्यमंत्री : भाऊसाहेब बांदोडकर

३ डिसेंबर १९६६. पणजीत गोवा, दमण आणि दीवच्या मुख्यमंत्र्यांनी आपल्या मंत्रिमंडळासह राजीनामा दिला. आमदार फुटले नव्हते, अविश्वास ठराव आला नव्हता, कसला घोटाळाही बाहेर पडला नव्हता. विधानसभेची मुदत संपायला अजून सुमारे दोन वर्षं होती. तरीही दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, म्हणजे सगळ्या गोव्याचे भाऊसाहेब, खुर्चीवरून उठले.

कारण साधं होतं. दीड महिन्यानं गोव्याच्या मतदारांना एक प्रश्न विचारला जाणार होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं? भाऊसाहेब विलीनीकरणाच्या बाजूचे सगळ्यात मोठे नेते. मुख्यमंत्रीच एका बाजूचा असेल, तर मामलेदारापासून शिपायापर्यंत सगळी यंत्रणा त्याच्या हाताखाली, मग मतदान मोकळं कसं होणार, असा विरोधकांचा आक्षेप होता. म्हणून सरकार बाजूला झालं.

पुढे कौल लागला तो त्यांच्या मनाविरुद्ध. आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत त्याच मतदारांनी भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. हे कसं घडलं ते समजायचं, तर भाऊसाहेबांच्या आयुष्याबरोबर गोव्यात मतदानाचा हक्क कसा आला, कुठल्या कायद्यानं आला, हेही पाहावं लागतं.

पेडण्याचा मुलगा

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात झाला. सिंधुदुर्गातल्या वाचकांना पेडणे सांगायला नको. बांद्याहून पत्रादेवी ओलांडली, सातार्ड्याचा पूल पार केला, की पेडणे तालुका लागतो. हा भाग पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यात होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो पोर्तुगीजांकडे गेला. गोव्यात अशा उशिरा जिंकलेल्या तालुक्यांना 'नव्या काबिजादी' म्हणतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे सगळे त्यात येतात. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या 'जुन्या काबिजादी'. तिथं पोर्तुगीज अंमल साडेचारशे वर्षांचा. भाषा, धर्म, जमीनदारी, शिक्षण या सगळ्यांत हा जुन्या-नव्याचा फरक होता, आणि पुढे मतपेटीतही तो दिसला.

बांदोडकर हे गोमंतक मराठा समाजातले. देवळाच्या सेवेशी पिढ्यान् पिढ्या जखडलेल्या घराण्यांचा हा समाज. गावातल्या मानपानात त्यांना कायम खालची पायरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या समाजानं संघटना बांधली, शिक्षणाची कास धरली आणि जुन्या रूढी मोडायला घेतल्या. भाऊसाहेब त्याच काळात वाढले. घरची स्थिती बेताची, शाळा फार पुढे गेली नाही. लहानमोठे उद्योग करत ते धंद्यात उतरले आणि पुढे खाणमालक झाले.

१९५०च्या दशकात गोव्यातल्या लोहखनिजाला जपानकडून मोठी मागणी आली. खाणींवरून ट्रक, नदीतून बार्ज आणि मुरगाव बंदरातून जहाज असा माल जाऊ लागला. या तेजीत ज्यांनी पैसा कमावला त्यांत भाऊसाहेबही होते. पण पैसा आल्यावर त्यांची ओळख झाली ती देणारा माणूस म्हणून. शाळेला मदत हवी, देवळाचं काम अडलंय, कुणाच्या मुलाला पुढे शिकायचंय, तर लोक भाऊंकडे जात. राजकारणात येण्याआधीच खेडोपाडी त्यांचं नाव पोचलं होतं ते असं.

जिथं मतच नव्हतं

भाऊसाहेब पन्नाशीला येईपर्यंत गोव्यातल्या सामान्य माणसाला मताचा खरा अधिकार नव्हता. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आलं. तेव्हा हिंदूंना कागदावर बरोबरीचे हक्क मिळाले, थोडी मोकळीक आली. पण १९२६ मध्ये लष्करानं सत्ता घेतली आणि पुढे सालाझारची हुकूमशाही आली. १९३० च्या वसाहत कायद्यानं गोव्यासारखे प्रदेश पोर्तुगालच्या ताब्यातल्या वसाहती म्हणून बांधून टाकले.

नावाला कायदेमंडळ होतं, निवडणुकाही होत. पण मतदार म्हणजे थोडे शिकलेले आणि कर भरणारे लोक. भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारा मुंडकार, खंडानं शेत करणारं कूळ, नारळ काढणारा, मासे मारणारा, यांचं नाव कुठल्या यादीत नसे. सभा घ्यायची तर परवानगी, काही छापायचं तर आधी सेन्सॉरला दाखवायचं. लग्नाची पत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. त्याला एवढं महत्त्व का, ते यावरून कळतं. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्याची आठवण बांदा परिसरात अजून आहे.

१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्यानं गोवा मुक्त केला. गावातल्या गरीब माणसाला मात्र एक गोष्ट अजून कळायची होती. आता राज्य कुणाचं, आणि त्यात आपलं काय?

दोन वर्षांत बदललेले कायदे

सुरुवातीला लष्करी गव्हर्नर होते मेजर जनरल कँडेथ. १९६२ च्या मार्चमध्ये संसदेनं घटनेची बारावी दुरुस्ती केली आणि गोवा, दमण, दीव हा भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. जूनमध्ये लष्करी प्रशासन संपून नायब राज्यपाल आले. सल्ला द्यायला एक मंडळ नेमलं. पण ते नेमलेलं होतं, निवडलेलं नव्हतं.

पहिलं खरं मतदान झालं ते गावात. १९६२ मध्येच ग्रामपंचायतींसाठी नियमावली आली आणि त्याच वर्षी पंचायतींच्या निवडणुका झाल्या. एकवीस वर्षं पूर्ण झालेला प्रत्येक जण मतदार. तेव्हा मताचं वय एकवीस होतं, अठरा झालं ते १९८९ मध्ये. शिक्षणाची अट नाही, कराची अट नाही, बाई-पुरुष भेद नाही. भाटकाराचं एक मत आणि त्याच्या मुंडकाराचंही एकच मत. ज्या गावात मुंडकारानं भाटकारासमोर मान वर करायची नाही असा दंडक होता, तिथं ही केवढी उलथापालथ असेल!

मग विधानसभेचा प्रश्न आला. केंद्रशासित प्रदेश म्हणजे दिल्लीचा थेट कारभार. तिथं आमदार, मंत्री कुठून येणार? त्यासाठी १९६२ च्या अखेरीस घटनेची चौदावी दुरुस्ती झाली आणि कलम २३९-अ आलं. काही केंद्रशासित प्रदेशांना विधानसभा आणि मंत्रिमंडळ देता येईल, अशी सोय त्यात झाली. त्याच्या आधारानं १९६३ चा केंद्रशासित प्रदेश शासन कायदा झाला. हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा, पाँडिचेरी आणि गोवा-दमण-दीव यांना विधानसभा मिळाल्या त्या या कायद्यानं. पुदुच्चेरीचा कारभार आजही त्याच कायद्यावर चालतो.

गोव्याच्या विधानसभेत तीस जागा ठरल्या. अठ्ठावीस गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. तीनपर्यंत सभासद केंद्र सरकार नेमू शकत होतं. मुख्यमंत्री असला तरी राज्याच्या मुख्यमंत्र्याएवढा मोकळा नव्हे. नायब राज्यपाल आणि मंत्रिमंडळ यांचं पटलं नाही, तर विषय राष्ट्रपतींकडे, म्हणजे दिल्लीकडे जायचा. भाऊसाहेबांनी पुढे राज्य केलं ते या चौकटीत राहून.

सिंह निवडून आला

निवडणुकीआधी गोव्यात दोन मोठे पक्ष उभे राहिले. मार्च १९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला. लोक त्याला 'मगो' म्हणतात. निशाणी सिंह. गोवा महाराष्ट्रात जावा, मराठी टिकावी, आणि कुळं-मुंडकार-बहुजनांचं राज्य यावं ही त्याची भूमिका. पक्षाचा चेहरा होते भाऊसाहेब, आणि पैशाचा भारही बराचसा त्यांनीच उचलला. दुसऱ्या बाजूला युनायटेड गोवन्स पक्ष, नेते डॉ. जॅक सिक्वेरा, निशाणी हात. गोवा वेगळा राहावा, त्याची कोकणी भाषा आणि ओळख जपावी ही त्यांची भूमिका. ख्रिस्ती समाज मोठ्या संख्येनं त्यांच्या मागे होता. पण वेगळं राहू म्हणणारे हिंदूही कमी नव्हते, हे पुढे दिसलं.

तिसरी होती काँग्रेस. देशात सगळीकडे तिचं राज्य. नेहरूंनी गोवा मुक्त केला म्हणून मतं आपलीच, असं तिच्या पुढाऱ्यांना वाटत होतं. पण गावात काँग्रेस म्हणजे भाटकारांचा आणि बड्या लोकांचा पक्ष, अशी समजूत झाली होती.

९ डिसेंबर १९६३ ला मतदान झालं. निकाल लागला आणि भलेभले चाट पडले. मगोला चौदा जागा आणि त्यांच्या सोबतच्या प्रजासमाजवाद्यांना दोन. युनायटेड गोवन्सला बारा. काँग्रेसला गोव्यात भोपळा. तिची एकुलती एक जागा आली ती दमणमधून.

गंमत म्हणजे भाऊसाहेब स्वतः या निवडणुकीत उमेदवारच नव्हते. पण आमदारांनी नेता म्हणून त्यांनाच निवडलं. कायद्यात तशी सोय आहे. आमदार नसलेल्या माणसाला मंत्री होता येतं, मात्र सहा महिन्यांत निवडून यावं लागतं, नाहीतर पद जातं. २० डिसेंबर १९६३ ला भाऊसाहेबांनी शपथ घेतली आणि नंतर पोटनिवडणूक जिंकून ते सभागृहात आले. मुक्तीला जेमतेम दोन वर्षं होत होती. ज्या समाजाला देवळाच्या सभामंडपातही मान नव्हता, त्या समाजातला माणूस गोव्याचा पहिला मुख्यमंत्री झाला. हे घडवलं एका माणसाला एक मत या नियमानं.

कूळ, मुंडकार आणि शाळा

भाऊसाहेबांचं सरकार आल्यावर पहिला मोठा विषय होता जमिनीचा. १९६४ मध्ये विधानसभेनं कूळ कायदा केला. शेत कसणाऱ्याला मनमानी करून काढता येणार नाही, खंड वाटेल तसा वाढवता येणार नाही, असं संरक्षण त्यानं दिलं. कूळ मालक झालं ते मात्र नंतर. १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्याविरुद्ध कायदा आला आणि १९७६ मध्ये कसेल त्याची जमीन अशी दुरुस्ती झाली. तेव्हा भाऊसाहेब नव्हते. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या. पण त्या वाटेवरचं पहिलं पाऊल १९६४ चंच.

दुसरं काम शाळांचं. पोर्तुगीज काळात सरकारी शाळा म्हणजे पोर्तुगीज भाषेची. नव्या काबिजादीच्या आतल्या गावांत तीही नाही. मराठी शिकवलं जायचं ते देवळात, कुणाच्या ओसरीवर, गावकऱ्यांच्या वर्गणीतून. भाऊसाहेबांच्या काळात वाड्या-वस्त्यांपर्यंत सरकारी मराठी प्राथमिक शाळा पोचल्या. सत्तरी, सांगे, पेडण्यासारख्या भागात घरातली पहिली पिढी शाळेत गेली ती तेव्हा.

त्यांच्या कारभारावर टीकाही झाली. नियमाच्या वहीपेक्षा समोरच्या माणसाकडे बघून ते निर्णय घेत. सगळी सूत्रं स्वतःच्या हातात ठेवत, पक्षात दुसरा नेता वाढू देत नाहीत, असं त्यांच्याच लोकांचं म्हणणं होतं. मराठीला एवढं बळ आणि कोकणीला बोलीच्या पलीकडे जागा नाही, हा राग कोकणीवाद्यांच्या मनात कायम राहिला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि पुढच्या कौलात त्यांचा वाटा होता.

एक निवडणूक, अनेक प्रश्न

मगोचं म्हणणं होतं की लोकांनी आम्हाला निवडून दिलं, आमच्या जाहीरनाम्यात विलीनीकरण होतं, म्हणजे लोकांनी विलीनीकरणाला होकार दिला. जानेवारी १९६५ मध्ये गोवा विधानसभेनं महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव बहुमतानं केला. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानंही तशी मागणी केली. संयुक्त महाराष्ट्र होऊन पाचच वर्षं झाली होती. बेळगावचं दुखणं ताजं होतं. गोवा आला तर मराठी मुलूख आणखी जोडला जाईल, अशी भावना इकडे होती. शेजारच्या म्हैसूर राज्याचाही गोव्यावर डोळा होता.

डॉ. सिक्वेरांचा मुद्दा वेगळा होता. सिंहावर शिक्का मारणाऱ्या कुळानं कशासाठी मारला? जमिनीसाठी, भाटकाराच्या जाचातून सुटण्यासाठी, मुलाच्या शाळेसाठी, आपल्यातला माणूस वर जावा म्हणून. त्यातला कितवा हिस्सा विलीनीकरणासाठी होता, हे मतपत्रिका सांगत नाही. सरकार पाच वर्षांनी बदलता येतं. प्रदेशाची हद्द एकदा पुसली की परत येत नाही. त्यामुळे हा प्रश्न एकटा, वेगळा काढून लोकांना विचारा, असं ते सांगत राहिले. नेहरूंनीही आधी, काही काळ गोवा वेगळा ठेवू आणि पुढचं गोवेकर ठरवतील, अशी भूमिका घेतली होती. १९६४ मध्ये नेहरू गेले, १९६६ च्या सुरुवातीला शास्त्री गेले, आणि निर्णय इंदिरा गांधींच्या सरकारकडे आला.

डिसेंबर १९६६ मध्ये संसदेनं गोवा, दमण आणि दीव जनमत कौल कायदा केला. भारताच्या निवडणूक कायद्यांत ही वेगळीच गोष्ट होती. आपल्याकडे उमेदवाराला मत देतात, प्रश्नाला नाही. घटनेत अशा मतदानाची नेहमीची तरतूद नाही. म्हणून या एका मतदानासाठी वेगळा कायदा करावा लागला. गोव्यासाठी पर्याय दोन : महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा केंद्रशासित प्रदेश. दमण आणि दीवसाठी महाराष्ट्राच्या जागी गुजरात. मुंबईत आणि बाहेर राहणाऱ्या गोवेकरांनाही मत द्या, अशी मागणी झाली होती. ती मान्य झाली नाही. गोव्याच्या मतदार यादीत नाव असेल त्यालाच मत.

फूल की दोन पानं

सरकारनं राजीनामा दिल्यावर विधानसभा विसर्जित झाली आणि राष्ट्रपती राजवट आली. राज्यात अशी राजवट घटनेच्या ३५६ कलमानं येते. केंद्रशासित प्रदेशात ती १९६३ च्या कायद्यातल्या ५१ व्या कलमानं आली. भाऊसाहेब आता साधे प्रचारक होते. सरकारी गाडी नाही, अधिकारी हाताखाली नाहीत.

अक्षरओळख नसलेले मतदार खूप, म्हणून पर्यायांना निशाण्या दिल्या. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. सहा आठवडे गोवा ढवळून निघाला. महाराष्ट्रातून मोठमोठे पुढारी सभांना आले. 'गोमंतक' दैनिक विलीनीकरणाच्या बाजूनं लढलं. समोर मडगावचं 'राष्ट्रमत' होतं. तेही मराठीच. त्यातलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' सदर वेगळ्या गोव्याच्या बाजूनं आग ओकत होतं. म्हणजे मराठीत वाचणारा प्रत्येक जण विलीनीकरणाचा, असं समीकरण राहिलं नव्हतं. गाणी झाली, कोपरा सभा झाल्या, घरातल्या घरात दोन तट पडले. महाराष्ट्रात गेलो तर गोवा एका मोठ्या राज्याचा एखादा जिल्हा होईल, नोकऱ्या बाहेरचे घेतील, पणजीचं काम मुंबईला जाऊन करावं लागेल, ही धास्ती हिंदू बहुजन घरांतही शिरली होती.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. तीन लाख ८८ हजार ४३२ मतदारांपैकी तीन लाख १७ हजार ६३३ जणांनी मत दिलं. म्हणजे जवळपास ८२ टक्के. मतमोजणीत दोन पानांना एक लाख ७२ हजार १९१ आणि फुलाला एक लाख ३८ हजार १७० मतं निघाली. फरक ३४ हजार २१ मतांचा. पेडणे, सत्तरीसारख्या भागात फुलाचा जोर होता, सासष्टीत दोन पानांचा. पण एका बाजूच्याच समाजाच्या मतांवर हा आकडा होणं शक्य नव्हतं. सिंहाला मत देणाऱ्या बऱ्याच घरांनी या वेळी दोन पानांवर शिक्का मारला होता. दमण आणि दीवनंही गुजरातेत जायला नकार दिला.

भाऊसाहेबांच्या राजकारणाचा सगळ्यात मोठा मुद्दा हरला होता. पक्षाच्या नावातच 'महाराष्ट्रवादी' होतं. अशा वेळी निकालच मानायचा नाही, रस्त्यावर उतरायचं, असं आंदोलन ते उभं करू शकले असते. पावणेदोन लाखांसमोर एक लाख ३८ हजार मतं काही थोडी नव्हेत. त्या लोकांना भडकवणंही अवघड नव्हतं. भाऊसाहेबांनी कौल स्वीकारला आणि ते पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागले.

पुन्हा तोच मुख्यमंत्री

२८ मार्च १९६७ ला विधानसभेची निवडणूक झाली. ज्या लोकांनी जानेवारीत भाऊसाहेबांना नाही म्हटलं, त्यांनीच मार्चमध्ये मगोला तीसपैकी सोळा जागा दिल्या. ५ एप्रिलला भाऊसाहेब दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले.

बाहेरच्या अनेकांना हे कोडं वाटलं. गोव्यातल्या कुळाला त्यात कोडं नव्हतं. त्याला भाऊसाहेब हवे होते, कूळ कायदा हवा होता, शाळा हवी होती. गोवा मात्र गोवाच हवा होता. दोन प्रश्न वेगवेगळे विचारले, म्हणून त्याला दोन वेगळी उत्तरं देता आली. एकत्र विचारले असते तर एका उत्तरानं दुसरं गिळलं असतं. डॉ. सिक्वेरांचा युक्तिवाद मगोच्याच विजयानं खरा ठरला. त्या विजयानं भाऊसाहेबांचं स्थानही दाखवून दिलं.

शेवटची वर्षं

दुसरी कारकीर्द सोपी गेली नाही. १९७० मध्ये पक्षातल्याच काही आमदारांनी बंड केलं. कारभार एकहाती चालतो ही त्यांची मुख्य तक्रार. सरकार पडायच्या बेताला आलं. शेवटी विरोधी बाकांवरून फुटून आलेल्या काहींच्या आधारावर ते टिकलं. आज आमदार असा पक्ष बदलू लागला तर पक्षांतरबंदी कायदा आड येतो. तो कायदा झाला १९८५ मध्ये. तेव्हा कुणी कुठंही जाऊ शकत होता. कौलाचा मान राखणाऱ्या भाऊसाहेबांनीही सत्ता टिकवताना या मोकळीकीचा फायदा घेतला, हेही नोंदवायला हवं.

१९७२ च्या निवडणुकीत मात्र लोकांनी त्यांना आणखी बळ दिलं. मगोला अठरा जागा मिळाल्या. भाऊसाहेब तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. पण ही मुदत पुरी झाली नाही. १२ ऑगस्ट १९७३ ला मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचं निधन झालं. वय बासष्ट. त्यांच्यानंतर शशिकलाताई मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत राहिल्या.

३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झालं. दमण आणि दीव वेगळे झाले, विधानसभेच्या जागा चाळीस झाल्या. १९६३ च्या कायद्याचा गोव्यापुरता संबंध संपला. १९६७ ला विलीनीकरण झालं असतं, तर गोवा राज्य म्हणून नकाशावर आलाच नसता. अलीकडे तर उलट दिशेची हाक ऐकू आली. रोजगार आणि दवाखान्यासाठी गोव्यावर अवलंबून असलेल्या दोडामार्ग तालुक्यातल्या काही गावांतून, आम्हालाच गोव्यात घ्या, अशी मागणी पुढे आली होती.

गोव्यात १६ जानेवारी हा 'अस्मिताय दीस' म्हणून पाळतात. भाऊसाहेब ज्या दिवशी हरले तो हा दिवस. आणि १२ ऑगस्टला पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांच्या समाधीला फुलं वाहायला लोक येतात. त्यांत फुलाला मत दिलेल्यांची मुलं-नातवंडं असतात, तशी दोन पानांवर शिक्का मारलेल्यांचीही.